पुरुष संघ चौथ्या महिन्यात का बंद पडतो? मंडळीतल्या पुरुषांना शिष्यत्वात वाढवण्याचा नीट क्रम

मराठवाड्यातल्या बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, ही गोष्ट त्याच क्रमाने घडते. रविवारी उपासनेनंतर जाहीर होतं, "येत्या शनिवारी पुरुष संघाची स्थापना आहे, सर्व बंधूंनी अगत्याने यावे." शनिवारी मांडव पडतो, बाहेरगावचा वक्ता येतो, मटणाचं जेवण होतं. चाळीसेक जण जमतात. त्याच बैठकीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरतात आणि व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. दुसऱ्या महिन्यात पंधरा जण, तिसऱ्यात पाच, आणि त्या पाचात तिघे पदाधिकारी. चौथ्या महिन्यापासून ग्रुपवर फक्त सकाळचं वचन आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येत राहतात.

असा एक संघ मी स्वतः जालन्याकडे काढला होता आणि बुडवलाही होता. तेव्हा दोष पुरुषांना दिला: "आपल्या माणसांना देवाच्या गोष्टीत रसच नाही." तसं नव्हतं. आम्ही क्रम उलटा लावला होता. माणूस ओळखण्याआधी त्याला पद दिलं, वचन वाचायला बसण्याआधी माइक दिला, आणि घरची विचारपूस तर कधी केलीच नाही. पुढचे टप्पे त्या उलट्या क्रमाला सुलटा करण्यासाठी आहेत. सगळं मिळून साधारण वर्ष लागतं. घाई असेल तर सुरूच करू नका.

टप्पा १: आधी पाळकसाहेबांना भेटा, कमिटीला नंतर

आपल्याकडे एकेका पाळकाच्या (पास्टरच्या) वाट्याला चार-पाच गावं असतात. सगळ्या पुरुषांबरोबर दर आठवड्याला बसणं त्यांना शक्य नसतं, म्हणून हे काम मंडळीतल्याच एखाद्या वडीलधाऱ्या बंधूने उचलावं लागतं. पण त्यांना न कळवता चार पुरुष दर शनिवारी कुणाच्या ओट्यावर बसू लागले, की पंधरा दिवसांत बातमी फिरते: "वेगळी मंडळी काढायलेत."

भेटायला जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: कोण बसणार, काय वाचणार, कधीपर्यंत. चौथी गोष्ट तोंडी सांगा, की या गटात वर्गणी, अर्पण, पावती-पुस्तक काहीही नसेल. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मंडळीतच जाईल. पैसा आला की खजिनदार येतो, खजिनदार आला की निवडणूक येते, आणि मग आपण पुन्हा त्या मांडवात.

पाळकसाहेबांनी "सगळ्यांनाच का नाही बोलवत?" असं विचारलं तर निर्गमाचा अठरावा अध्याय काढून दाखवा. इथ्रोने मोशेला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगितलं. आपण दहापेक्षाही लहान सुरुवात करतोय, एवढंच.

तपासा: महिन्यातून एकदा पाळकसाहेबांना पंधरा मिनिटं भेटून गटाचं सांगण्याचा दिवस ठरला का? तो ठरला नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: कॅलेंडर कामाधंद्यावरून बनवा

बहुतेक गट इथेच मरतात, आणि दोष मात्र "विश्वासात थंडपणा आला" या कारणावर ढकलला जातो. थंडपणा नसतो, सोयाबीनची काढणी असते.

मंडळीतल्या पुरुषांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचा धंदा लिहा. बीड, धाराशिव, जालन्याकडच्या मंडळीत ऊसतोडीला जाणारी घरं असतील, तर ती माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्यांना जानेवारीतला गट काय कामाचा? जून-जुलैत पेरणी. सप्टेंबरअखेरपासून सोयाबीन, मग कापसाची वेचणी. एप्रिल-मे लग्नं. डिसेंबर पूर्ण नाताळाच्या तयारीत जातो, तेव्हा कुणाला काही सांगूही नका. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्यांत असलेल्यांची पाळी बदलत राहते. एका आठवड्यात शनिवारी संध्याकाळी मोकळा असलेला माणूस पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला असतो.

यातून मला जमलेली मांडणी अशी:

१. शेती करणारे आणि गावात राहणारे: पहिली फेरी जानेवारीच्या मध्यापासून ईस्टरपर्यंत, दुसरी पेरणी उरकल्यावर जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत.

२. पाळीत काम करणारे: ठरलेला वार ठेवू नका. दर रविवारी उपासनेनंतर सगळ्यांची पुढच्या आठवड्याची पाळी विचारून वेळ ठरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

३. ऊसतोडीला जाणारे: मे आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्याबरोबर बसा. ते फडावर असताना आठवड्याला एक अध्याय आपल्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. जमलं तर हंगामात एकदा त्यांच्या कोपीवर जाऊन या. हातात वचनपत्रिकांचा गठ्ठा नको, गावाकडची भाकरी-चटणी न्या.

सावध: गट मधे महिना-दीड महिना थांबला तर तो मोडला असं जाहीर करू नका. "पेरणीनंतर अमुक तारखेला बसू" असं सांगून थांबा. तारीख सांगून घेतलेली सुट्टी वेगळी आणि न सांगता पडलेला खंड वेगळा.

टप्पा ३: तिघे-चौघे निवडा आणि घरी जाऊन विचारा

प्रभूने बारा निवडले ते रात्रभर प्रार्थना करून (लूक ६:१२-१३), आणि पहिलं कारण मार्क सांगतो: त्यांनी आपल्याबरोबर असावं (मार्क ३:१४). उपदेशाला पाठवणं त्यानंतर येतं. आपण नेमकं तेच पुढे-मागे करतो.

तुम्ही धरून चार, फार तर पाच. सहावा आला की दोघे गप्प बसतात. शनिवारी सहा-सात जण असतील तर त्यांना आनंदाने परत पाठवा असं मी म्हणत नाही, पण गट दोन करा.

कुणाला घ्यायचं? पौल तीमथ्याला दोनच कसोट्या देतो: विश्वासू, आणि इतरांना शिकवायला योग्य (२ तीमथ्य २:२). विश्वासू आहे का ते कळायला सोपा उपाय म्हणजे आधी एखादं लहान काम द्यावं. "दादा, रविवारी सतरंज्या अंथरायला अर्धा तास आधी येता का?" तीनपैकी दोन रविवार आला तर तो तुमचा माणूस. येतो म्हणून न येणारा, पण प्रार्थनेत फार रडणारा माणूस सध्या बाजूला ठेवा. "शिकवायला योग्य" याचा अर्थ शिकलेला नव्हे. आमच्या गटातले सगळ्यात चांगले प्रश्न चौथीपर्यंत शिकलेल्या एका मामांचे असत.

कुणाला एकत्र बसवू नये, हे त्याहून महत्त्वाचं:

मुकादम आणि त्याच्याकडून उचल घेतलेला मजूर. मजूर कधीच खरं बोलणार नाही.

बांधावरून किंवा वाटणीवरून कोर्टात असलेले भाऊबंद. त्यांचा समेट व्हायला हवाच, पण तो इथे होत नाही, आधी पाळकसाहेबांपुढे होतो.

सासरा आणि जावई. कारण सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, जी आपण उघड बोलत नाही. आपल्या मंडळ्यांत घराणी, भावकी, कोण कधी विश्वासात आलं, याच्या जुन्या रेषा अजून आहेत. गट आपोआप त्या रेषांवर बसतात, कारण ओळख तिथेच असते. चारपैकी निदान एक माणूस मुद्दाम दुसऱ्या घराण्यातला घ्या. पहिल्या आठवड्यात अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या.

विचारायचं कसं? चर्चच्या दारात नाही, आणि फोनवर तर नाहीच. त्याच्या घरी, शेतात किंवा दुकानात जा. "जय ख्रिस्त" झालं, चहा झाला, की सरळ सांगा:

"भाऊ, आपण चौघे जण ईस्टरपर्यंत आठवड्यातून एकदा सव्वा तास बसू. मार्काचं शुभवर्तमान वाचू. मला शिकवायचं नाही, मलाच एकट्याला जमत नाही म्हणून विचारायलो. आठ दिवस विचार करा, वहिनींना विचारा, मग सांगा."

"आठ दिवस विचार करा" हे वाक्य विसरू नका. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असं प्रभूच सांगतो (लूक १४:२८). तोंडावर लगेच "हो" म्हणणारा माणूस पाहुणचाराखातर म्हणत असतो.

तपासा: चौघांतल्या निदान एकाला अडखळत का होईना मोठ्याने वाचता येतं का? एकाच माणसावर वाचनाचं ओझं नको, म्हणून दोघे असले तर बरं.

टप्पा ४: पहिले चार आठवडे शिकवण नाही

जागा चर्चच्या हॉलमध्ये नको. हॉलमध्ये पुरुष आपोआप रांगेत बसतो आणि पुढे बघतो. ओटा, शेतातला आंबा, शटर खाली ओढलेलं दुकान, यातलं काहीही चालेल. सगळे समोरासमोर बसतील आणि मुलं सारखी येणार नाहीत, एवढं पुरे.

खायला फक्त चहा. हा नियम मी फार कडक पाळतो. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी चहा-पोहे, तिसऱ्या घरी भजी, आणि चौथ्या घरची बाई म्हणते, "आपल्याकडं नका बोलवू बाई, मला नाही जमायचं." पुरुष बसतात आणि भार बायकांवर पडतो. चहाही पुरुषांनीच करावा आणि कप पुरुषांनीच विसळावेत. हसू नका, शिष्यत्वाचा पहिला धडा अनेकांना इथेच मिळाला आहे.

सव्वा तासाची बैठक अशी:

१. चहा आणि आठवडा कसा गेला (१५ मिनिटं). पाऊस, भाव, कंपनी, मुलाची फी. हा वेळ वाया गेला असं समजू नका, पुढचं सगळं यावर उभं राहतं.

२. एक अध्याय मोठ्याने वाचणं, दोनदा (१५ मिनिटं).

३. तीन प्रश्नांवर बोलणं (३० मिनिटं). प्रश्न पुढच्या टप्प्यात आहेत.

४. एकमेकांसाठी प्रार्थना (१५ मिनिटं). प्रत्येकाने उजवीकडच्या माणसासाठी, नाव घेऊन, दोन-तीन वाक्यं. ज्याला मोठ्याने प्रार्थना करायचा संकोच वाटतो त्याने फक्त "प्रभू, याला सांभाळ, आमेन" म्हटलं तरी पुष्कळ.

सव्वा तास झाला की उठा, चर्चा रंगात आली असली तरी. "आज लवकर संपलं" असं वाटून गेलेला माणूस पुढच्या आठवड्यात येतो.

टप्पा ५: वाचन. तुम्ही बोलू नका

मार्काने सुरुवात करा. सोळा अध्याय आहेत, लहान आहेत, आणि त्यात प्रभू सतत काहीतरी करत असतो. कामकरी माणसाला ते भावतं. प्रकटीकरणाने कधीच सुरुवात करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

पवित्र शास्त्राची प्रत सगळ्यांकडे एकाच भाषांतराची असू द्या. एकाकडे जुनं, एकाकडे नवं, एकाच्या फोनवर तिसरंच, असं झालं की "माझ्याकडं वेगळं लिहिलंय" यात अर्धा तास जातो.

तीन प्रश्न, दर आठवड्याला तेच:

या अध्यायात प्रभू येशू काय करतो, काय म्हणतो?

यातलं मला काय टोचतं?

पुढच्या बैठकीपर्यंत मी कुणाच्या बाबतीत, काय करणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या नावानिशी हवं. "मी जास्त प्रेम करीन" हे उत्तर धरू नका. "मी थोरल्या भावाला फोन करीन, दिवाळीपासून बोललो नाही" हे उत्तर.

सातव्या अध्यायात प्रभू कुर्बानची गोष्ट काढतो: देवाला वाहिलं म्हणून सांगून आई-बापाला द्यायचं टाळणारी माणसं (मार्क ७:९-१३). आम्ही ते वाचलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने सांगितलं, वाटणीनंतर म्हातारी आई चार-चार महिने एकेका भावाकडे असते, आणि आपली पाळी आली की घरात भांडण होतं. त्या आठवड्याचा तिसरा प्रश्न कुणाला विचारावा लागला नाही. दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान उजवी-डावी जागा मागतात, तो भाग कमिटीच्या निवडणुकीच्या महिन्यात वाचायला मिळाला तर सोडू नका.

वाचता न येणाऱ्यासाठी: पहिल्यांदा ऐकायचं, दुसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटायचे, मग पुस्तक बंद करून त्याने गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. बाकीच्यांनी राहिलेलं भरायचं. खरं तर वाचता येणाऱ्यांनीही हेच करावं.

सावध: सगळ्यात मोठी चूक इथे होते. गट चालवणारा माणूस बहुधा बोलका असतो आणि शांतता त्याला सोसवत नाही. प्रश्न विचारून दहा सेकंदांत तोच उत्तर देतो, मग उत्तराचा उपदेश होतो, मग शनिवारीसुद्धा रविवार होतो. प्रश्न विचारला की मनात वीसपर्यंत मोजा. कुणी चुकीचं बोललं तर लगेच दुरुस्त करू नका, "हे कुठल्या ओवीत दिसतं?" एवढंच विचारा.

तपासा: तीन आठवड्यांनंतर एकाला विचारा, "मी किती बोलतो?" तो हसला तर तुम्ही फार बोलता.

टप्पा ६: एकमेकांचा हिशेब

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून, त्याआधी नाही. विश्वास बसण्याआधी पाप विचारलं की माणूस एक ठेवणीतलं पाप सांगतो, "मला राग लवकर येतो." ते ऐकून सगळे समाधानाने मान हलवतात.

बैठकीत प्रार्थनेआधी वीस मिनिटं काढा. चार प्रश्न:

१. या आठवड्यात एकट्याने वचन आणि प्रार्थना झाली का?

२. घरी बायको-मुलांशी कसा वागलास?

३. पैशाचं काय? नवं कर्ज, उधारी, मोबाइलवरची रमी, मटका?

४. दारू, आणि फोनवर जे एकट्याने बघतोस ते?

पहिलं उत्तर तुम्ही द्यायचं, आणि ते खरं असलं पाहिजे. तुमचं उत्तर जेवढं खोल जाईल, त्याच्या एक वीतही खाली कुणी जाणार नाही.

गुपिताचा नियम पहिल्याच दिवशी बोलून ठेवा: इथलं इथेच. बायकोलासुद्धा नाही. आणि इथे आपल्या मंडळ्यांची एक जुनी खोड आडवी येते. "अमुक भाऊंना प्रार्थनेत ठेवा, त्यांचं घरी जरा..." असं म्हणून आपण चहाडी करतो आणि तिला प्रार्थनेचा विषय म्हणतो. व्हॉट्सॲपवर तर ते वाऱ्यासारखं जातं. गटातला एकही विषय ग्रुपवर टाकायचा नाही. मी तर म्हणतो या चौघांचा ग्रुपच नको, निरोपाला फोन आहे.

पण गुपिताला हद्द आहे, आणि तीही पहिल्याच दिवशी सांगा. लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर ते गटात ठेवता येत नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "मंडळीची बदनामी होईल" हे कारण चालत नाही. घरात मारहाण होत असेल, तर त्या बाईची सुरक्षा आधी आणि नवऱ्याचा पश्चात्ताप नंतर. ११२वर फोन करावा लागला तर करा. दोघांना समोरासमोर बसवून "मिटवून टाका" म्हणणं म्हणजे रात्री तिला पुन्हा मार खायला पाठवणं.

*दारू सोडणाऱ्याबाबत*

हे वेगळं लिहितो, कारण यात जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणारा माणूस गटात रडतो, शपथ घेतो, आणि आपण हात ठेवून प्रार्थना करून सांगतो, "आजपासून थेंब नाही." रोज खूप पिणाऱ्या शरीराची दारू एकाएकी तुटली की काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी माणूस बरळू लागतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसू लागतात. आपल्यातले काही जण याला "सैतान झगडतोय" म्हणून कोंडून ठेवतात. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे.

म्हणून रोज पिणाऱ्याने सोडायचं ठरवलं की त्याच दिवशी गटातल्या दोघांनी त्याला सरकारी दवाखान्यात न्यावं. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. डॉक्टरांना रोज किती पितो ते खरं सांगा. झटके किंवा बरळणं सुरू झालं असेल तर सकाळची वाट बघू नका. प्रार्थना दवाखान्याच्या बाकड्यावरही होते. तो घरी आल्यावर महिनाभर रोज संध्याकाळी, प्यायच्या वेळेला, कुणीतरी त्याच्याबरोबर असावं. ती वेळ आपसांत वाटून घ्या. आणि तो पुन्हा प्याला तर? सौम्यतेने ताळ्यावर आणा, असं गलती ६:१ सांगतं. दोन दिवसांच्या आत त्याच्या घरी जा. रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी त्याच्याकडे बघत बसू नका.

*कर्ज आणि जिवावर आलेला माणूस*

मराठवाड्यात गट चालवताना हे येणारच. "आता काही राहिलं नाही", "माझ्यामागं पोरांना सांभाळा" असं कुणी बोललं, किंवा फार दिवस गप्प असलेला माणूस अचानक सगळ्यांची देणीघेणी सांगू लागला, तर सरळ विचारा: "मरायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार मनात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवून दुसरीकडे ठेवायला घरच्यांना मदत करा. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. फोन तुम्ही लावून द्या, नंबर लिहून देऊन घरी जाऊ नका. "विश्वास कमी पडला" हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारायचं नाही. एलीया संदेष्टासुद्धा झुडपाखाली बसून मरण मागत होता, आणि देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं (१ राजे १९).

टप्पा ७: घरची प्रार्थना

अनेक घरांत प्रार्थना बाईच चालवते आणि पुरुष टीव्हीचा आवाज कमी करून मान खाली घालतो. त्याला लाज वाटते, कारण बायको त्याच्यापेक्षा चांगली प्रार्थना करते. त्याला "घरचा पुढारी हो" म्हणून आणखी लाजवू नका. एवढंच सांगा: जेवणाआधी दहा मिनिटं, पाच ओव्या, एक गीत, प्रत्येकाची एकेक ओळ प्रार्थना. गीत मुलांनी निवडायचं. मुलाच्या अभ्यासाचा, मोबाइलचा उद्धार प्रार्थनेत करायचा नाही. "हे प्रभू, याला सुबुद्धी दे" हे पोराला बरोबर कळतं.

आठवड्यातून तीन दिवस झालं तरी धरा.

तपासा: तीन महिन्यांनी प्रत्येकाने आपल्या बायकोला एकांतात विचारावं, "मी बसायला लागल्यापासून घरात काही फरक पडला का?" आणि उत्तर काहीही आलं तरी वाद घालायचा नाही. पुढच्या बैठकीत ते उत्तर सांगायचं. मला माझ्या घरून मिळालेलं उत्तर होतं, "शनिवारी भांडत नाही तुम्ही." बाकीचे सहा दिवस राहिलेच होते.

टप्पा ८: सेवा, पण न दिसणारी आधी

चार-पाच महिने झाले की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. इथे मंडळी त्याला उचलून व्यासपीठावर बसवते आणि तो बिघडतो. क्रम असा ठेवा:

१. हातांची कामं: ईस्टरआधी कबरस्तानातलं गवत काढणं, उन्हाळ्यात टँकर आला की विधवेच्या घरचे हंडे भरून देणं, मयतीत कबर खणायला थांबणं, आजाऱ्याला दवाखान्यात नेणं. निदान दोन महिने, फोटो न काढता.

२. उपासनेत शास्त्रपाठ वाचणं. आदल्या रात्री घरी तीनदा मोठ्याने वाचून यायचं.

३. साक्ष, तीन मिनिटं. आपण किती प्यायचो आणि किती मारामाऱ्या केल्या यात अडीच मिनिटं गेली तर ती साक्ष नव्हे, ती आठवण काढणं झालं. पूर्वीचं एका वाक्यात, प्रभूने काय केलं ते दोन मिनिटांत, आणि आज अजून काय जमत नाही तेही सांगायचं.

४. घरगुती प्रार्थनासभेत सात मिनिटांचं मनन. एक उतारा, एकच मुद्दा, वहीत लिहून. गटापुढे एकदा करून दाखवायचं.

सावध: पहिलं वर्षभर कमिटीचं पद नको. १ तीमथ्य ३:६ मध्ये नवशिक्याला अध्यक्ष करू नये असं स्पष्ट आहे, कारण गर्वाने फुगण्याचं भय. निवडणुकीच्या वेळी कुणी त्याचं नाव सुचवलं तर "पुढच्या वेळी" म्हणायला गटातल्यांनीच त्याला मदत करावी.

टप्पा ९: गट मोडा

नवव्या महिन्यापासून बैठक पाळीपाळीने प्रत्येकाने चालवायची. तुम्ही कोपऱ्यात बसा आणि चहा करा. तो चुकेल, प्रश्न विसरेल, वेळ लांबवेल. बैठकीत काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी एकट्याला, आधी काय चांगलं झालं ते आणि मग एकच सुधारणा सांगा.

वर्ष भरत आलं की कठीण भाग येतो. आतापर्यंत चौघे एकमेकांचे जिवलग झालेले असतात, आणि कुणालाच उठायचं नसतं. "आपलं चाललंय ते बरंय की." हाच गट आणखी पाच वर्षं असाच बसला तर तो मित्रांचा कट्टा होतो, वचनाचा का असेना. म्हणून दोघा-दोघांनी वेगळं व्हायचं आणि प्रत्येक जोडीने दोन नवे पुरुष शोधायचे, टप्पा तीनपासून सुरू करून. जोडी यासाठी, की एकटा माणूस थकतो आणि त्याला सांगणारं कुणी राहत नाही. जुन्या चौघांनी तीन महिन्यांतून एकदा भेटावं. त्या दिवशी मटण चालेल.

चौघांपैकी एखादा तयार नसेल तर त्याला ढकलू नका. त्याने नव्या गटात पुन्हा एक वर्ष बसावं, त्यात कमीपणा नाही. एखादा मधेच सोडून गेला असेल तर त्याच्या घरी सणासुदीला जात राहा. आमच्यातला एक जण सातव्या महिन्यात गेला आणि अडीच वर्षांनी स्वतःहून आला. "आता मार्क कुठपर्यंत आलाय?" एवढंच विचारलं त्याने. आम्ही तेव्हा चौथ्या अध्यायावर होतो, तिसऱ्यांदा.